उलटं बांधलेलं पुस्तक

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध ग्रंथपाल होते. गावच्या वाचनालयात त्यांची सारी हयात गेली होती आणि लहानथोर सगळे त्यांना नाना म्हणत. पुढे त्यांचे डोळे अधू झाले, तेव्हा समितीने त्यांच्या हाताखाली एक तरुण दिला. तरुण हुशार होता. ग्रंथालयशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेला होता आणि नानांना तो मनापासून गुरू मानत असे. खोड एकच होती. नवा वाचक दारात उभा राहिला की हा त्याची लायकी बघे.

हलकंफुलकं पुस्तक तो कुणाला देतच नसे. "वाचायचं तर दर्जेदार वाचा," असं म्हणायचा आणि सातशे पानांचं एखादं चरित्र, नाहीतर बारीक टाइपातला एखादा ग्रंथ समोर ठेवायचा. माणूस आठवड्याने तो परत करी आणि पुन्हा त्या वाटेला फिरकत नसे. मग शिष्य सुस्कारा टाकून म्हणे, "नाना, लोकांना वाचनाची गोडीच उरली नाही."

गोडी कशी उरेल? तान्ह्या लेकराच्या उष्टावणाला कुणी भाकरीचा वाळला कोर भरवतं का? आणि ते थुंकलं की वर म्हणायचं, याला भूकच नाही!

त्या वर्षी नानांनी हट्टाने सहा चित्रकथा मागवल्या. पानभर चित्रांच्या चौकटी आणि माणसांच्या तोंडाशी काढलेल्या फुग्यांत त्यांचं बोलणं. त्यातली एक जपानी होती, मराठीत आणलेली. तिकडे अशा पुस्तकाला मांगा म्हणतात. त्या लोकांची रीत आपल्या उलट असते. ज्याला आपण पुस्तकाची मागची बाजू समजतो, तिथून त्यांचं पुस्तक उघडतं, आणि पानावरच्या चौकटीही उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. प्रकाशक शहाणा होता. आपली माणसं पुस्तक चुकीच्या टोकाकडून उघडणार हे ओळखून त्याने तिथे मोठ्या अक्षरांत सूचना छापली होती की थांबा, हा शेवट आहे, पुस्तक दुसऱ्या बाजूने सुरू करा.

शिष्याने पुस्तक बघितलं. मुखपृष्ठ मागे! त्याला वाटलं, बांधणी चुकली. त्याने ते बाइंडरकडे धाडलं, जाड पुठ्ठा घालून घेतला, पुस्तकाचं नाव ‘बरोबर’ बाजूला लिहून घेतलं. आणि तारखा लिहायची चिठ्ठी कुठे चिकटवली? नेमकी त्या सूचनेवर. सूचना वाचली का? नाही. चित्रांच्या पुस्तकात वाचायचं काय असतं!

"नाना, हे उलटं आलं होतं. मी सरळ करून घेतलं," तो कौतुकाने म्हणाला.

नानांनी पुस्तक डोळ्यांशी नेलं. चिठ्ठीवरून बोट फिरवलं, खालची अक्षरं पुसट दिसत होती. सगळा प्रकार त्यांच्या ध्यानात आला. पण ते रागावले नाहीत, की त्यांनी चूकही दाखवली नाही. एवढंच म्हणाले, "छान. पहिल्यांदा आप्पाशेठना दे. मग तू वाच."

आप्पाशेठ गावातले मोठे व्यापारी आणि समितीचे अध्यक्ष. त्यांनी वाचनालयाला सोनेरी नावांच्या ग्रंथांनी भरलेलं एक कपाट भेट दिलं होतं. त्याची किल्ली मात्र त्यांच्याच खिशात असे. चित्रकथा आल्याचं कळल्यापासून ते धुमसत होते. "वाचनालय चालवताय का बालवाडी?" असं त्यांनी भर बैठकीत विचारलं होतं. तीन दिवसांनी पुस्तक परत देताना ते म्हणाले, "बघितलं. आधी घर माणसांनी भरलेलं. मग एकेक जण गायब. पोरगी म्हाताऱ्याला सोडून जाते आणि शेवटच्या पानावर तो एकटा जाळं विणत बसलाय. हे संस्कार? समितीच्या बैठकीत सहाही पुस्तकं रद्दीत काढायचा ठराव मी मांडणार."

मग शिष्याने ते वाचलं आणि अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, "आशय निराशावादी. संवाद विसंगत, उत्तर आधी आणि प्रश्न नंतर. भाषांतर निकृष्ट." खाली झोकदार सही केली.

नानांनी दोघांची मतं ऐकून घेतली आणि पुस्तक टेबलावर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वला आली. ही नववी नापास झालेली, लग्नानंतर पुस्तकाला हात न लागलेली बाई. तिची मुलगी जुई तिसरीत होती आणि धडा वाचायला बसवली की रडत असे. पालकसभेत शाळेच्या बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "घरात कुणी वाचताना दिसलं तर पोर वाचेल ना!" ते तिच्या काळजाला लागलं. तिने वाचनालयात नाव घातलं. शिष्याने तिला तीन वेळा तीन ग्रंथ दिले. प्रत्येक वेळी चार-पाच पानांवर गाडी अडली. जुई रोज विचारायची, "आई, अजून त्याच पानावर?" आणि एक दिवस पोर म्हणाली, "वाचणं म्हणजे शिक्षाच असते ना गं?" आता सांगा, आईने काय करावं? पोर वाचेल म्हणून वाचायला गेली, तर पोर होती त्याहून लांब पळाली. आणखी एक असा ग्रंथ घरी गेला असता तर ती कायमचीच पळाली असती.

उज्ज्वलाने तिसरा ग्रंथ आणि सभासद कार्ड टेबलावर ठेवलं. "नाव काढून टाका माझं."

"का?" शिष्याने विचारलं.

"नाही जमत." मग तिची नजर टेबलावरच्या चित्रकथेकडे गेली. जरा चाचरत म्हणाली, "हे चित्रांचं आहे ना? हे मिळतं का न्यायला?"

"ताई, ही खेळणी आहेत. मोठ्या माणसांनी वाचायची पुस्तकं नव्हेत."

बाजूच्या बाकावर दोघे पेपर वाचत बसले होते. त्यांतला एक जण मान वर न करता म्हणाला, "बालवाडीत नाव घाला, तिथं खाऊपण मिळतो." दुसरा फिसकन हसला.

फुकट पेपर वाचायला येणाऱ्यांना हसायला काय जातं! बाईचा चेहरा लालबुंद झाला. ती वळली. तेवढ्यात नाना उठले, त्यांनी कार्ड उचलून तिच्या हातात परत दिलं आणि वर तेच जपानी पुस्तक ठेवलं.

"हे न्या. चित्रं निवांत बघा. कुठे खटकलं तर थेट माझ्याकडे या. आणि तरी वाटलं तर नाव काढू."

शिष्य चकित झाला. ती गेल्यावर म्हणाला, "नाना, मला नि शेठना जे आवडलं नाही, ते तुम्ही तिला दिलंत? ती पुन्हा येणार नाही."

"बघू," नाना म्हणाले.

मला विचाराल तर नानांचंही हे वागणं मला पटलेलं नाही. बाई आधीच हरलेली, तिच्या हाती उलटं पुस्तक कसलं देता? पण गोष्ट घडली तशी सांगितली पाहिजे.

तिसऱ्या दिवशी उज्ज्वला आली. पुस्तकात एक बोट घातलेलं, दुसऱ्या हाताला जुई. आप्पाशेठ ठरावाचा कागद घेऊन तिथेच बसले होते.

"नाना, रागावू नका," ती म्हणाली. "एक तर हे पुस्तक चुकलंय, नाहीतर मी तरी."

"काय चुकलं?"

"ही पोरगी बघा. आधी हिचे पुढचे दात चांगले मोठे आहेत. मग इथे दात नाहीत. आणि पुढे गेलं की बारके बारके दुधाचे! दुधाचा पडून मोठा येतो हो. मोठा पडून दुधाचा आलेला कुणी बघितलाय?"

"चित्र काढणाऱ्याची चूक," शेठ म्हणाले.

"मलाही वाटलं. पण मग हा फ्रॉक बघा."

"फ्रॉकचं काय? पोरी कपडे बदलतात."

"तोच आहे, शेठ! हे खांद्यावर ठिगळ बघा. इथे गुडघ्याच्या वर. इथे गुडघ्याला. आणि इथे पार पोटरीला लोळतोय. फ्रॉक वाढत नसतो, शेठ. पोर वाढते!"

शेठ पुस्तकावर वाकले.

"मग मी मागून पुढे आले. तरी बोलणं जुळेना. तर ही म्हणाली, आई, उजवीकडचं चित्र आधी घे. तसं घेतलं आणि सगळं चपखल बसलं. प्रश्न आधी, उत्तर नंतर." तिने म्हाताऱ्याच्या चित्रावर बोट ठेवलं. "नाना, म्हातारा आधी एकटा आहे हो. जाळी विणत एकटा. ती अनाथ पोर नंतर येते. मग शेजारीण येते, मग तिचा भाऊ. घर रिकामं होत नाही. भरत जातं!"

जुई मध्येच म्हणाली, "आणि आई मला पान उलटू देत नव्हती. आमचं भांडण झालं."

"पुस्तकावरून!" उज्ज्वला म्हणाली. "आमच्या घरात, नाना, पुस्तकावरून भांडण!"

शिष्याने पुस्तक ओढून घेतलं. चिठ्ठीचं टोक नखाने उचकटलं. खालून ‘थांबा’ हा शब्द आधी वर आला आणि मग बाकीची सूचना. त्याने ती वाचली. मान खाली गेली.

"तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मला आधीच का नाही सांगितलंत?"

नाना म्हणाले, "सांगितलं असतं तर तू सूचना वाचली असतीस आणि चिठ्ठी दुसरीकडे लावली असतीस. तेवढंच. अरे, सूचना तुझ्या डोळ्यांसमोर होती. ती वाचावीशी वाटली नाही, कारण या पुस्तकात वाचण्यासारखं काही नाही हे तू उघडायच्या आधीच ठरवलं होतंस. शेठनी पानं चाळली, तू दोष शोधलेस. हिने बघितलं. या पुस्तकात अर्धी गोष्ट शब्दांत आहे आणि अर्धी चित्रांत. ती चित्रांतली अर्धी वाचायची विद्या ही बाई घरूनच घेऊन आली होती. पोराच्या डोळ्यांवरून ती ताप ओळखते, चालण्यावरून खोटं ओळखते. ही विद्या नव्हे? तू तिला तीनदा पुस्तक दिलंस आणि तीनही वेळा असं दिलंस, की तिला काय येत नाही तेच तिला दिसावं. नव्या वाचकाला पुस्तक द्यायचं ते त्याला जे आधीपासून येतं ते कामी लागेल असं. पुढची पायरी मग तो आपणच चढतो. आणि या पुस्तकांना पायरी तरी का म्हणावं? या गोष्टीत एकटेपण आहे, म्हातारपण आहे, परक्याचं पोर आपलं करणं आहे. तुम्हा दोघा शिकलेल्यांना ते दिसलंच नाही."

उज्ज्वलाचा चेहरा मात्र बदलला होता. ती ताडकन म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? माझी परीक्षा घेतलीत?"

नानांनी हात जोडले. "परीक्षा या दोघांची होती, ताई. पण त्रास तुम्हाला झाला. मी चुकलो."

"चुकलातच. जमलं नसतं तर मी पुन्हा पुस्तक उघडलं नसतं. आणि हिनेही."

"खरं आहे," नाना म्हणाले.

मग ती जुईकडे बघून म्हणाली, "बाकीची पाच कुठे आहेत?"

शिष्य धावतच कपाटाकडे गेला. त्याने पाचही आणून तिच्यापुढे ठेवली आणि या वेळी कोणतं घ्यावं हे सांगितलं नाही. मायलेकींनी डोक्याला डोकं लावून निवड केली. तोवर शेठनी ठरावाच्या कागदाची घडी करून खिशात घातली होती. जाताना ते जपानी पुस्तक बगलेत मारून म्हणाले, "नातवाला दाखवतो जरा."

"नातवाला?" नानांनी विचारलं.

"मलाही," शेठ पुटपुटले आणि चपला शोधू लागले.

पुढच्या आठवड्यात एक रिक्षावाला दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, शाळा सुटून वीस वर्षं झाली. काहीतरी वाचावं म्हणतो. कुठलं वाचू?" शिष्याचा हात सवयीने जाड ग्रंथांकडे गेला आणि थांबला. त्याने खुर्ची पुढे ओढली.

"बसा ना, दादा. दिवसभर गावात फिरता. काय काय दिसतं तुम्हाला, ते आधी सांगा."

रिक्षावाला बिचकत बसला आणि सांगू लागला. नाना कोपऱ्यात डोळे मिटून ऐकत होते. बराच वेळ शिष्याने एकाही पुस्तकाला हात लावला नाही.

तुमच्या घरात कुणी चित्रकथा उघडून बसलं असेल, तर "हे कसलं वाचन!" म्हणून ती हिसकावू नका. शेजारी बसा, आणि त्यात काय दिसतंय ते त्यालाच विचारा.