निळ्या कुंभाचा ठोका

"…पण चाचा, कुंभ तिच्या हातून पडला तर?"

निरंजनने हे सकाळपासून चौथ्यांदा विचारलं. नजीरचाचा चहा पीत होते. ते पीतच राहिले.

सातारा रस्त्यावरच्या एका जुन्या गोदामात आम्ही सहा जण काच फुंकतो. सहा जणांत भट्टी एक. चाचांनी कंदिलाच्या काचांच्या कारखान्यात चाळीस वर्षं घालवली, आता आम्हाला शिकवतात. त्यांनी लावलेला एक रिवाज आहे. भांडं पुरं झालं की ते लोखंडी दांडीच्या टोकाला चिकटलेलं असतं. ज्याचं भांडं, त्याने जोडावर पाण्याचे दोन थेंब टाकायचे आणि दांडीवर लाकडाचा एक ठोका द्यायचा. भांडं सुटतं. ते झेलायला जाड हातमोजे घालून दुसरंच कुणीतरी खाली उभं असतं.

निरंजन आमच्यात सगळ्यात हुशार, आणि हे आमच्याआधी त्यालाच कळलं होतं. रविवारी त्याचं पहिलं प्रदर्शन. मधोमध ठेवायचा मोठा निळा कुंभ मात्र अजून झाला नव्हता. सकाळपासून दोन फुटले होते. संध्याकाळी भट्टी महिनाभरासाठी विझणार होती, आणि आत काच उरली होती एका कुंभापुरती.

"सुगंधा नवीन आहे," तो हळूच म्हणाला. हळूच, पण तिला ऐकू जाईल इतपत.

सुगंधाने ऐकलं.

"हातमोजे घाल," चाचा निरंजनला म्हणाले.

"मी?"

"तिचा वाडगा झालाय. झेल."

सुगंधाचा तो पहिलाच वाडगा. पंधरा दिवस ती त्याच्यामागे होती. निरंजन ओंजळ धरून खाली उभा राहिला.

सुगंधाने थेंब टाकले. ठोका दिला. एकच. खाली पाहिलंसुद्धा नाही.

वाडगा त्याच्या ओंजळीत आला.

थंड व्हायच्या पेटीत तो ठेवून निरंजन वळला, तेव्हा घामाने निथळत होता.

"अगं, बघायचं तरी! माझ्या हातून पडला असता म्हणजे?"

"तुम्ही होता की खाली," सुगंधा म्हणाली आणि मोजे मागून घेतले.

चाचांचा चहा संपला.

"आता तुझा कुंभ."

तासभर सगळं गोदाम त्याच्याभोवती फिरत होतं. कुणी फुंकत होतं, कुणी त्याच्या हाताला आच लागू नये म्हणून फळी धरली होती, मी भट्टीचं दार उघडझाप करत होते. कुंभ घडला. निरंजनचा मला राग येतो, खोटं कशाला बोलू, पण तो निळा रंग बघून मी भट्टीचं दार लावायचं विसरले.

आणि तिथे निरंजन थांबला.

"अजून वाक… डावीकडे… जरा मागे. कुणीतरी खाली गादी टाका रे!"

"गादी पेटेल," मी म्हणाले.

दांडी त्याच्या हातात फिरत होती आणि कुंभ थंड होत होता. फार वेळ नव्हता; काच जास्त थंड झाली की आपोआप तडकते. सुगंधा हात पुढे करून उभी होती. तिच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तरी तिने पुसला नाही.

निरंजनने थेंब टाकले. लाकूड उचललं.

टिक.

आजाऱ्याच्या खोलीचं दार वाजवावं, तसा. कुंभ हलला नाही.

पुन्हा तसाच हलका ठोका देण्यासाठी हात उठला… चाचांनी त्याचं मनगट धरलं.



"चाचा…" निरंजन म्हणाला. "पडला तर?"

चाचांनी मनगट सोडलं.

"बेटा, सकाळचे दोन्ही दांडीवरच फुटले."