शेठजींची हरवलेली अंगठी

गोष्ट इतकी जुनी आहे की तेव्हा कोणाचं राज्य होतं हे आता सांगता यायचं नाही. पण नदीकाठी एक मोठी पेठ होती आणि पेठेत एक पेढी होती, एवढं नक्की. लोक आपली पुंजी तिथे ठेवायचे आणि घरी जाऊन निर्धास्त झोपायचे.

पेढीवर सात कारकून होते. त्यांतला सगळ्यांत जुना अंतोबा, थोरल्या शेठजींच्या काळापासूनचा. एखादी म्हातारी ठेव ठेवायला आली की तो आधी तिला पाणी द्यायचा, मग पावती दोनदा वाचून दाखवायचा. बोलताना "आमची पेढी" म्हणायचा, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

थोरले शेठजी गेले आणि त्यांचा मुलगा गादीवर बसला. माणूस वाईट नव्हता, पण मनाने संशयी. एके दिवशी त्याची शिक्क्याची अंगठी हरवली. सारी पेढी उलटीपालटी केली तरी सापडेना. त्या दिवसापासून नवा नियम झाला. पेढी बंद होताना प्रत्येक कारकुनाने उंबरठ्यावर उभं राहायचं, पागोटं सोडायचं, हात वर करायचे आणि पहारेकऱ्याने त्याचं अंग चाचपायचं. तेही भर पेठेत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत.

पहिल्या दिवशी अंतोबाचं पागोटं सुटलं तेव्हा समोरच्या दुकानातली माणसं हसली. अंतोबाने पागोटं पुन्हा बांधलं आणि कोणाकडे न बघता घरी गेला.

महिन्याभराने थंडी पडली. शेठजींनी महिन्यापूर्वी स्वतःच ऊन देऊन घडी घातलेली बंडी बाहेर काढली, तर अस्तराच्या उसवलेल्या शिवणीत अंगठी!

आता तुम्ही म्हणाल, मग झडती बंद झाली असेल. तिथेच तर घोडं पेंड खात होतं. नियम मोडायचा तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं तर सात माणसांपुढे मान खाली घालावी लागणार. शेठजींनी अंगठी कनवटीला खोचली आणि ते गप्प बसले. रोज संध्याकाळी झडती सुरू झाली की ते भिंतीकडे तोंड करून वही उघडून बसत. पान मात्र उलटत नसे. स्वतःची लाज वाटायची, पण ती बोलून दाखवण्याची त्याहून जास्त लाज वाटायची.

हळूहळू पेढीची हवा बदलली. कामं वेळेवर होत होती, चूक काढायला जागा नव्हती. पण आलेल्या म्हातारीला पाणी विचारणं सुटलं. "आमची पेढी" जाऊन "शेठजींची पेढी" झाली. शेठजींना ते ऐकू यायचं आणि का झालं तेही कळायचं.

चैत्रात नदीत एक नाव उलटली. तिच्यात पेढीचा थोडा माल होता. पेठेत मात्र बोलणं उठलं की पेढीच बुडाली. दुपारपर्यंत दारात ही गर्दी जमली. शेठजींनी शपथा घेतल्या, तिजोरी उघडून दाखवतो म्हणाले, पण कोणी ऐकेना.

तेवढ्यात एक भाजीवाली पुढे आली आणि अंतोबासमोर उभी राहिली.

"दादा, मला वाचाया येत न्हाई. तुमी सांगाल ते खरं. तुमची स्वताची ठेव हाय न्हवं हितं? हाय म्हना, म्या माघारी जाते."

गर्दीने माना अंतोबाकडे वळवल्या. म्हाताऱ्याने एक होकार दिला की पेढी वाचणार होती.

"बाई, पेढीत पैसा आहे," अंतोबा म्हणाला. "तुमचं काही बुडायचं नाही."

"त्ये न्हाई इचारलं. तुमची हाय का?"

अंतोबाने लेखणी खाली ठेवली. "नाही. होळीला काढून नेली."

"का वो?"

"लेकीच्या लग्नासाठी जमवलेली होती. जिथे रोज मला चोर म्हणून उभं करतात, तिथे ती ठेवायला मन होईना."

शेठजींचे कान तापले. खोटं बोलून पेढी वाचवायची वेळ आली तरी ज्याची जीभ वळली नाही, त्या माणसाची आपण रोज झडती घेत होतो. ते उठले, उंबरठ्यावर आले, आपलं पागोटं सोडलं आणि हात वर केले.

"माझी झडती घे," ते पहारेकऱ्याला म्हणाले. पहारेकरी जागचा हलला नाही.

"अंतोबा, तुम्ही घ्या."

"मला नाही जमायचं, शेठजी."

तेव्हा शेठजींनी स्वतःच कनवटीची अंगठी काढली आणि सगळ्यांना दाखवली. "ही माझ्याच बंडीत सापडली. चार महिने मला ठाऊक आहे. मी लाजेपोटी गप्प राहिलो आणि लाज यांची काढली."

लोकांनी ऐकून घेतलं, पण ठेवी मागायचं काही थांबवलं नाही. दिवस मावळेपर्यंत सातही कारकून ज्याचं त्याला देत राहिले. कोणाचं काही बुडालं नाही. पेढी मात्र रिकामी झाली.

दुसऱ्या सकाळी सातांतले चारच आले. अंतोबा आला, पण ठेव आणली नाही. शेठजींनी विचारलं नाही. कोणत्या तोंडाने विचारणार? आता रोज संध्याकाळी झडतीऐवजी शेठजीच उंबरठ्यावर उभे राहून एकेकाला हात जोडून निरोप देऊ लागले. असं तीन वर्षं चाललं.

चौथ्या वर्षी अंतोबाने त्यांच्यासमोर एक लहानसं गाठोडं ठेवलं. "नातीसाठी आहे," तो म्हणाला.

शेठजींनी आधी त्याला पाणी दिलं. मग पावती लिहिली आणि दोनदा वाचून दाखवली.

म्हणून सांगतो मंडळी, पगारासाठी माणूस कामाला येतो, पण जीव लावतो तो त्याचा मान राखला तरच.