शेजारचा विस्तव

फार फार पूर्वी, एका राजधानीतल्या अरुंद बोळात, लाकडी खेळणी करणारा एक तरुण कारागीर राहत होता. सोबत त्याची बायको आणि सगू नावाची पाच वर्षांची मुलगी. त्याच्या भोवऱ्यांना आणि चाकांच्या हत्तींना दूरदूरहून मागणी होती. पण बोळात दिवसभर भट्ट्यांचा धूर कोंडलेला असायचा आणि सगूचा खोकला काही थांबत नव्हता. घरंही अशी चिकटून उभी, की या घरात फोडणी पडली की त्या घरात ठसका लागायचा. वरच्या मजल्यावरची बाई कांडायला बसली की कारागिराच्या डोक्यावर माती पडायची. खालचा म्हातारा रोज काहीतरी उसनं न्यायचा, कधी करवत, कधी शिडी. करवत परत आलीच तर दात मोडून यायची.

बायकोला पुन्हा दिवस गेले तेव्हा ती म्हणाली, "अहो, हे बाळ तरी मोकळ्या हवेत जन्मू दे."

"हवा आणि शांतता," कारागीर म्हणाला. "लाकूड काय, कुठंही मिळेल. आपलं आपण राहू, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

मग एके सकाळी त्यांनी बैलगाडीत संसार भरला आणि ते नवं गाव शोधायला निघाले.

पहिलं गाव लागलं ते नदीकाठी. गावाच्या तोंडाशीच विहीर होती. गाडी थांबते न थांबते तोच रहाटापाशी उभा असलेला एक म्हातारा ओरडला, "ओ पाव्हणं, बघत काय बसलात? हा दोर धरा की जरा!"

कारागीर गोंधळला. त्याने दोर धरला. म्हाताऱ्याने बादली वर ओढली, पाणी ओतलं आणि आभार वगैरे काही न मानता विचारलं, "जेवलात का?"

तिकडे बायको गाडीतून उतरत होती. एवढ्यात हौसा नावाची एक तरणीताठी बाई डोक्यावर धुण्याचं गाठोडं घेऊन आली. तिने कडेवरचं तान्हं बाळ सरळ या अनोळखी बाईच्या हातात दिलं. "धर गं ताई, एवढी चार कापडं वाळत घालून येते."

"अहो, पण..."

"अगं घट्ट धर! काचेचं नाही ते. शहरातल्या बायका लेकरं अशीच धरतात होय, तापलं भांडं धरल्यासारखी?" हौसा हसत म्हणाली आणि निघूनही गेली. परत आली ती प्रश्न घेऊनच. "कितवा महिना? पहिलीच्या वेळी त्रास झाला होता का? सासू कुठाय?"

बाळ तोवर बायकोच्या पदराला धरून छान झोपलं होतं.

इतक्यात गल्लीतून एक बाई हातावर खापर घेऊन येताना दिसली. खापरात लालभडक निखारे होते, त्यांवर राखेची चिमूट. तिच्यापुढे सगूएवढीच एक मुलगी छाती काढून चालत होती आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "विस्तव आलाऽ, वाट द्याऽ!" कोंबड्या पळाल्या, पोरं बाजूला झाली, एका आजीने लोळणाऱ्या नातवाला ओढून पायरीवर घेतलं.

सगूला भारी गंमत वाटली. ती गाडीतून उडी मारून त्या मुलीच्या मागे धावली आणि तीही ओरडली, "वाट द्याऽ! वाट द्याऽ!" खोकल्याने बसलेला तिचा आवाज त्या दिवशी साऱ्या गल्लीत खणखणला.

कारागिराने तिला दंडाला धरून मागे आणलं. "श्श! असं ओरडायचं नसतं. लोकांना त्रास होतो."

म्हाताऱ्याने मग त्यांना चिंचेखालची एक मोकळी जागा दाखवली. "गावात येणाऱ्यासाठी राखून ठेवलीय. खुशाल बांधा घर. फक्त आमची एक रीत आहे. नव्या घरात चकमक वापरायची नाही. पहिलं वर्षभर तुमची चूल शेजारच्या विस्तवानं पेटायची. आज या घरचा निखारा आणायचा, उद्या त्या घरचा."

"चकमक आहे माझ्याकडे," कारागीर म्हणाला. "चांगली आहे."

"असंल की. नाही कोण म्हणतंय?"

"मग रोज दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं?"

म्हातारा त्याच्याकडे बघतच राहिला. दारात का जायचं, हे त्या गावात आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं. "रीत आहे," एवढंच तो म्हणाला.

गाडीत बसल्यावर कारागीर बायकोला म्हणाला, "पाहिलंस? पाऊल टाकलं नाही तोच दोर धर, लेकरू धर. राहायला आलो तर काय होईल? बोळातला म्हातारा परवडला. आणि रोज सकाळी विस्तवासाठी कुणाचं तरी मिंधं व्हायचं!"

बायकोच्या पदराला अजून बाळाच्या दुधाचा वास येत होता. तिला काहीतरी म्हणायचं होतं. पण नवरा म्हणत होता ते चुकीचंही वाटत नव्हतं.

दुसरं गाव टेकडीवर होतं. तिथली हवा अशी, की सगूने पहिल्याच चढावर खोकायचं थांबवलं. गल्ल्या झाडून लख्ख. प्रत्येक घराला जाड दगडी भिंती, दारासमोर फुलझाडं. माणसं येत-जात होती, पण कुणी गाडीपाशी थांबलं नाही, कुणी काही विचारलं नाही. शेवटी कारागिरानेच एका वृद्ध गृहस्थांना गाठलं.

ते अतिशय नम्रपणे म्हणाले, "अवश्य या. माझ्या समोरचंच घर रिकामं आहे. आमच्याकडे एकच संकेत आहे. कुणाच्या दारावरून जाताना आम्ही मान वर करत नाही. ज्याचं घर त्याचं. बोलावल्याशिवाय कुणी कुणाच्या उंबऱ्याशी जात नाही."

कारागिराने बायकोकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "याला म्हणतात सभ्यता!" तो म्हणाला.

आणि ते तिथे राहिले.

सुरुवातीचे दिवस खरंच सुखाचे गेले. कारागीर अंगणात बसून हत्ती, घोडे, भोवरे घडवायचा. सगूचे गाल भरले. चूल स्वतःच्या चकमकीने पेटायची. कुणी करवत मागायला येत नसे, वरून माती पडत नसे. सगू अधूनमधून मोठ्याने गाणं म्हणायची, तेव्हा आईबाप तिला सांगायचे, "हळू गं. समोरच्या आजोबांना त्रास होईल." सगू शहाणी होती. ती हळू बोलायला शिकली. रस्त्याने जाताना मान खाली घालायलाही शिकली. आईबापांना तिचं कौतुक वाटायचं.

एकदा बायको म्हणाली, "अहो, इथं कुणाशी बोलणंच होत नाही."

"बोळात व्हायचं की भरपूर," तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

नववा महिना लागला. आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. कारागीर पहाटेच खेळणी घेऊन पायथ्याच्या बाजाराला गेला. "अजून अवकाश आहे," बायको म्हणाली होती. पण दुपारी अचानक कळा सुरू झाल्या, आणि त्या साध्या नव्हत्या. तिने हाका मारल्या. भिंती जाड होत्या. मग तिने भेदरलेल्या सगूला जवळ घेऊन सांगितलं, "जा बाळा, समोरच्या आजोबांना बोलाव. नाहीतर कुणालाही बोलाव. पळ!"

सगू पळाली. समोरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिने हात उचलला आणि तसाच खाली घेतला. आजोबांची झोपायची वेळ होती. मग ती गल्लीच्या मधोमध येऊन थांबली. एक बाई घागर घेऊन गेली. दोन माणसं बोलत बोलत गेली. एक म्हातारी काठी टेकत गेली. सगळ्यांच्या माना खाली होत्या. सगू प्रत्येकाकडे तोंड वर करून बघत होती. कुणाशी तरी नजर भिडली की ती सांगणार होती. नजर भिडल्याशिवाय बोलायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

ऊन उतरेपर्यंत ती तशीच उभी होती.

कारागीर गाडी घेऊन आला तेव्हा ती दिसली. त्याने विचारलं, "इथं काय करतेस गं?" तिने घराकडे बोट दाखवलं.

बायको कशीबशी वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगा होता.

काही दिवसांनी, खूप धीर गोळा करून, कारागिराने सगूला विचारलं, "बाळा, तू कुणालाच हाक का नाही मारलीस?"

"कुणी वर बघितलंच नाही, बाबा," सगू म्हणाली. "मी वाट बघत होते. त्रास द्यायचा नसतो ना?"

त्या गावात कुणी वाईट नव्हतं, हे नीट ध्यानात घ्या. दुसऱ्या दिवशी दारापुढे झाकलेली ताटं होती, फुलं होती. ठेवणारे मान खाली घालून, आवाज न करता निघून गेले होते. समोरचे आजोबा तर रस्त्यात उभे राहून रडले. "आम्हाला काय ठाऊक? मला वाटलं, पोर खेळतेय. तुम्हाला एकांत आवडतो, म्हणून तर तुम्ही इथं आलात." कारागिराला त्यांच्यावर रागावताही आलं नाही. ज्या रीतीचं त्याने तोंड भरून कौतुक केलं होतं, तीच त्यांनी पाळली होती.

थंडी पडायला लागली तेव्हा त्यांनी पुन्हा गाडी भरली आणि ते टेकडी उतरले.

नदीकाठचं गाव होतं तसंच होतं. रहाटापाशी तोच म्हातारा होता. या वेळी कारागीर स्वतःहून पुढे झाला आणि त्याने दोर धरला.

"जेवलात का?" म्हाताऱ्याने विचारलं.

कारागिराने बादली वर ओढून पाणी ओतलं. मग तो म्हणाला, "चिंचेखालची ती जागा..."

"ती गेली बाबा. टोपल्या विणणारा एक बुरूड आला, त्याला दिली. लेकुरवाळा माणूस. आता ओढ्यापलीकडं तेवढी जागा आहे. लांब पडंल, पण गावातच धरतो आम्ही ती."

हौसा आली. तिचं ते बाळ आता तिचं बोट धरून चालत होतं. तिने पाहुणीच्या रिकाम्या कडेकडे पाहिलं आणि एकही प्रश्न विचारला नाही. शेजारी बसली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तू परत येशील. त्या दिवशी माझं लेकरू किती निवांत झोपलं होतं तुझ्यापाशी."

"आम्हाला वाटलं, तू काम सांगतेयस," बायको म्हणाली.

"काम?" हौसा म्हणाली. "अगं, घरातलं सगळ्यात मोलाचं होतं ते दिलं होतं तुझ्या हातात. आणखी कसं म्हणायचं असतं, या म्हणून?"

बायकोने तोंडाला पदर लावला.

ओढ्यापलीकडे झोपडी उभी राहिली. पहिल्या सकाळी बायको हौसाकडे विस्तवाला गेली. हौसाने खापरात निखारे घातले, वर राख भुरभुरली आणि सगूला म्हणाली, "तू पुढं चाल गं. आणि ओरड. आईचे हात गुंतलेत."

सगू पुढे झाली. गल्लीत पोरं गोट्या खेळत होती. सगूने तोंड उघडलं. आवाज आला नाही. ती मान खाली घालून उभी राहिली. आईला ओरडता आलं असतं, पण हौसाने लांबूनच मानेने नको म्हटलं. आई थांबली. पोरं खेळतच राहिली. वाट मिळेपर्यंत निखारे काळे पडले.

दोघी मागे फिरल्या. हौसाने नवे निखारे घातले. तेही ओढ्यापर्यंत टिकले नाहीत. त्या दिवशी झोपडीत चूल पेटली नाही, म्हणून हौसाने भाकरी आणून दिली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. कारागिराच्या कनवटीला चकमक होती. ती त्याने ओढ्याच्या डोहात टाकून दिली.

मग एका सकाळी, गल्लीच्या त्याच जागी, सगू पुटपुटली. आवाज एवढा बारीक, की चिमणीचाही मोठा असेल.

"वाट द्या."

पोरांनी माना वर केल्या. गोट्या तिथेच टाकून ती भिंतीला चिकटली. एका आजीने नातवाला उचललं. बुरडाने टोपल्या ओढून घेतल्या. त्या एवढ्याशा आवाजासाठी सगळी गल्ली बाजूला झाली.

सगू चालू लागली. आई मात्र पाऊल उचलेना. हातातलं खापर तापलं होतं, बोटं भाजत होती, तरी ती तशीच उभी होती. त्या दुपारीही एवढीच हाक पुरली असती, असं तिच्या मनात आलं. एवढीच.

"आई, चल ना," सगू मागे वळून म्हणाली. "विझेल."

तात्पर्य: बिऱ्हाड हलवताना हवा पाहावी, पाणी पाहावं, पण त्याआधी पाहावं की आपल्या लेकराने हाक मारली तर तिथे मान वर कोण करील, आणि हाक मारणं आपणच त्या लेकराला विसरायला लावू नये.