सगुणा कासारणीची भाड्याची खोली

विभा, पाय पांघरुणात घे. हं, ऐका आता.

माझी पणजी पाळण्यात होती, तेव्हाची गोष्ट. नदीच्या उताराजवळ एक कासारीण राहायची. सगुणा तिचं नाव. गावभर फिरून बायकांना बांगड्या भरायची. आधी हात हातात घ्यायचा, हलकेच दाबायचा, की माप कळलंच. मगच बांगडी काढायची. दुसऱ्यांचे हात भरायची, पण नवरा गेल्यापासून तिचे स्वतःचे मोकळे. संध्याकाळी घरी आली की बोलायला कोणी नाही. चुलीशीच बोलायची बिचारी.

मग काय झालं, तिचे हात कापायला लागले. उद्या बांगडी भरता आली नाही, तर खायचं काय? तिनं पेटीतल्या पाटल्या मोडल्या आणि घराला लागून एक खोली बांधली. भाड्यानं द्यायची, म्हातारपणी तेवढाच आधार. आणि खरं सांगू? भिंतीपलीकडून कोणाचा तरी आवाज येईल, ही आस जास्त होती.

पहिला आला वारा. म्हणाला, "मावशी, भाड्याऐवजी रोज अंगण झाडून देईन. तुमच्याशी गप्पा मारीन." गप्पा म्हटल्यावर सगुणा विरघळली. आगाऊ काही घेतलं नाही, कोण कुठला विचारलं नाही. हात दाबायला त्याला हातच नव्हता, तेही हिच्या ध्यानात आलं नाही. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी! आठ दिवस गप्पा झाल्या. नवव्या दिवशी वारा निघाला, तो छपराची कौलं घेऊनच. मेला सांगूनसुद्धा गेला नाही.

सगुणानं कानातली फुलं मोडून नवी कौलं चढवली.

मग आली वाळवी. मान खाली, हात पदराखाली. दर पौर्णिमेला मापटंभर तांदूळ न मागता उंबऱ्यावर ठेवायची. सगुणाला वाटलं, लाजाळू आहे, हिचे हात काय बघायचे? खोलीतही कधी डोकावली नाही. फक्त भिंतीला कान लावायची. पलीकडून बारीक कुरकुर ऐकू यायची. "चला, कोणीतरी आहे," म्हणायची आणि जेवायला बसायची. एक दिवस काय झालं, तिनं खोलीचं दार ढकललं, तर दार हातातच आलं! आतून सगळं पोखरलेलं, बरं का. छपराचं आढंसुद्धा.

सगुणा अंगणात बसून रडली. "उभ्या जन्मात हात दाबल्याशिवाय मी बांगडी काढली नाही," म्हणाली, "आणि जन्माची खोली मात्र न बघता देऊन टाकली. एकटी होते ना, म्हणून!" मग कापत्या हातांनी चार बाजार जास्त केले आणि कडुनिंबाचं आढं बसवलं.

तिसरा आला रातकिडा. "हात दाखव," सगुणा म्हणाली. सहा हात निघाले! हसू नका, तिनं सहाही दाबून पाहिले. तरी पण दुधानं तोंड पोळलं होतं, ताकही फुंकूनच प्यायची. तो आधी जिच्या ढोलीत राहायचा, त्या चिंचेकडे गेली.

चिंच म्हणाली, "भाडं वेळेवर द्यायचा. ढोली झाडून ठेवायचा. एकच खोड आहे बाई, फार गातो. मला झोप म्हणून नाही."

सगुणाला हसूच आलं. किती वर्षांनी!

तरी तिनं आगाऊ पायलीभर नाचणी घेतली आणि ती बाजूला ठेवली. ती त्याची, तो खोली कायमची सोडेल तेव्हा परत द्यायची. दर अमावास्येला खोली बघायला येईन म्हणून सांगितलं. दर भाड्यातली मूठभर नाचणी वेगळ्या मडक्यात टाकत गेली.

थंडी पडली की रातकिडा गावी जायचा. सहा महिने खोली रिकामी. तेव्हा ते मडकं कामाला यायचं. पोट भरायचं तिचं, पण भिंत गप्प असायची. त्यासाठी कुठलं मडकं भरून ठेवणार? पाऊस पडला की तो परत यायचा. "मावशी, आलो," म्हणायचा आणि गायला लागायचा. असं करत सगुणा शेवटपर्यंत सुखानं राहिली.

परवा तुमची सुट्टी संपेल, मग माझीही ही खोली रिकामी. असू दे. परत याल तुम्ही. विभा, घोरतेस का गं? घोर, घोर. मी ऐकत पडते.