पानाची मागची बाजू

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

त्या राज्यात एक विद्यापीठ होतं. समुद्रापलीकडचे प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक काय लिहून गेले, ते तिथे शिकवत. पदवी मिळवणं सोपं नव्हतं. आधी ग्रीक भाषा, मग रोमनांची लॅटिन, मग त्या दोन्हींवर ज्यांनी टीका लिहिल्या त्यांची तिसरी भाषा. त्यानंतर ऐंशी ग्रंथ. शेवटी एका जुन्या ग्रीक पानाचा अर्थ लावायचा आणि सहा महिने विद्यापीठाच्या भिंतीआड राहून त्यावर प्रबंध लिहायचा. त्या काळात बाहेर पाऊल टाकलं किंवा साधा निरोप धाडला, तरी आधीचं सगळं बाद.

विणकरांच्या वस्तीत एका म्हातारीकडे राहून एक मुलगी तिथे शिकत होती. म्हातारी तिला जेवू घालायची आणि चिडवायचीही. "मेलेल्यांचं बोलणं समजायला बारा वर्षं? आमचे मेलेले स्वप्नात येतात आणि फुकट बोलून जातात." पण पदवीच्या दिवशी मुलीने पांघरावी म्हणून ती एक शाल विणत होती.

श्रावणात मुलगी भिंतीआड गेली. तिला परीक्षेचं पान मिळालं. शंभर वर्षं सगळ्यांना तेच पान मिळत आलं होतं. एका ग्रीक वैद्याने त्यावर लिहिलं होतं, की काळा ताप आला तर अमुक मुळी उकळून द्यावी, ताप उतरतो. तसा ताप राज्यात कधी आला नव्हता. तरी राजवैद्याने कोठारभर मुळी साठवून ठेवली होती, कारण त्या अर्थावर विद्यापीठाचा शिक्का होता.

मुलीने पान उलटलं. मागेही लिहिलेलं होतं: तीन दिवसांच्या वर देऊ नये. दृष्टी जाते.

ती धावत आचार्यांकडे गेली. त्यांनी ओळ वाचली आणि पान पुन्हा सुलटं ठेवलं.

"मागची बाजू अभ्यासक्रमात नाही," ते म्हणाले.

"आपण ती वाचली होती?"

"मुली, तू अजून विद्यार्थिनी आहेस. तुझं कोण ऐकणार? आधी पदवी घे. मग बोल, सगळे ऐकतील."

तिला ते पटलं. 'मग पदवी मिळाल्यावर आपण का बोलला नाहीत?' हे तिने आचार्यांना विचारलं नाही.

मार्गशीर्षात काळा ताप आला. भिंतीपलीकडून रोज ऐकू येणारी मागांची खटखट थांबली. द्वारपाल सांगू लागला, की वस्तीत मुळी वाटली आहे आणि माणसं उठून बसली आहेत, पेज मागत आहेत. मुळी वाटल्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी दाराशी गेली. तिने अडसरावर हात ठेवला. बारा वर्षं झाली होती, दोन महिने उरले होते. ती परत फिरली आणि प्रबंधाचं पुढचं पान लिहायला बसली.

मागांची खटखट पुन्हा सुरू झाली नाही.

माघात तिला पदवी मिळाली. त्याच क्षणी तिने भरसभेत पान उलटून दाखवलं आणि मागची ओळ मोठ्याने वाचली. आचार्य खोटं बोलले नव्हते, सगळ्यांनी ऐकलं. राजवैद्याने तिथल्या तिथे मुळी बंद केली. सभेच्या कडेला विणकर एकमेकांचे खांदे धरून उभे होते.

भिंत चाचपत म्हातारी पुढे आली. तिच्या हातात शाल होती.

"शेवटची वीतभर न बघता विणलीय," ती म्हणाली. "धागा सुटला असेल तर सांग. आणि बोललीस छान हो. तुला हे कळलं कधी?"

"श्रावणात, आजी."

म्हातारीची बोटं शालीच्या काठावरून सावकाश फिरली आणि थांबली.

"मला ताप मार्गशीर्षात आला," ती म्हणाली. तिने शालीची घडी केली, काखेत घेतली आणि भिंत चाचपत निघून गेली.

मुलगी पुढे मोठी विदुषी झाली. त्या वस्तीत मात्र तिला पुन्हा कुणी जेवायला बोलावलं नाही.

तात्पर्य: कळलेलं सांगायला जो पदवीची वाट पाहतो, त्याच्या हाती शेवटी पदवीच उरते.