पालथ्या तव्याचा वसा

ऐका चूलमाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं. नगराला वेस होती, वेशीपाशी भट्टी होती, आणि त्या भट्टीवरच्या नानांचा वास साऱ्या नगरात जात होता. नगरात दोघी जावा होत्या. थोरली गिरजा, धाकटी येसू. सासू राही थोरलीकडे. धाकटी भांडून वेगळी निघाली होती. भांडण कशाचं, ते आता कुणाला आठवतही नव्हतं. पण सासूनं तिच्या घरचं पाणी सोडलं होतं, ते सोडलंच होतं.

सासूचे दात गेलेले. भाकरी चावेना, पोळी चावेना. तिला मऊ नान लागे, दुधात कुस्करून. मग गिरजा काय करी? दर शुक्रवारी मागल्या दारानं भट्टीवर जाई, पदराखाली नान आणी, तव्यावर ऊन करी, वर तूप फिरवी, आणि म्हणे, "सासूबाई, घरी केलेत हो." सासू खाई, आल्यागेल्याला सांगे, "थोरलीच्या हाताला गुण आहे." गिरजाला पहिल्यांदा चुटपुट लागली. दुसऱ्यांदा जरा कमी लागली. तिसऱ्यांदा लागलीच नाही. बायांनो, खोटंही असंच अंगवळणी पडतं.

एके दिवशी काय झालं? येसू आली, उंबऱ्याशी बसली. म्हणाली, "जाऊबाई, जाऊबाई, मला नान शिकवा. येत्या शुक्रवारी सासूबाई माझ्याकडे जेवायला यायच्या आहेत. कशाबशा कबूल झाल्यात. माझ्या घरचे दोन घास त्यांच्या पोटात गेले, तर येणंजाणं सुरू होईल. नाहीतर पुन्हा म्हणून यायच्या नाहीत त्या."

गिरजाच्या तोंडचं पाणी पळालं. मला येत नाही, एवढंच सांगायचं होतं. ते मनात आलं, जिभेवर आलं, ओठांशी आलं, आणि मागं फिरलं. सासू पडवीत बसली होती, तिला ऐकू गेलं असतं ना! मग गिरजा म्हणाली, "त्यात काय अवघड आहे? मैदा मळायचा, लगेच लाटायचा, तव्यावर घालायचा. खालून शेकला की तवा विस्तवावर पालथा धरायचा."

"पालथा? मग नान पडत नाही?"

आता आली का पंचाईत! भट्टीवाला नानाच्या पाठीला वाटीतलं काहीतरी लावताना गिरजानं पाहिलं होतं. काय ते विचारलं नव्हतं. तिला वाटलं, एवढा मऊ नान, तूपच असणार. म्हणाली, "पाठीला तुपाचा हात लाव. सढळ लाव हो, चिकटपणा करू नकोस."

शुक्रवार आला. येसूनं दारात रांगोळी घातली, पाट मांडला, सणासाठी राखलेलं तूप काढलं. सासू पाटावर बसली. येसूनं तवा पालथा केला. पहिला नान सुटला, विस्तवात पडला. दुसरा सुटला, विस्तवात पडला. तिसरा पडला तो तुपासकट भडकला. घरभर धूर झाला. सासू खोकत उठली. म्हणाली, "जेवायला बोलावलंस की धुरी द्यायला? भरल्या घरात तवा पालथा घालून अपशकुन करतेस, माझ्या जिवावर उठलीस का गं?" पाटावरून उठली, ती उपाशीच थोरलीकडे आली. गिरजानं विचारलं, "काय झालं, सासूबाई?" आणि भट्टीवरचा नान दुधात कुस्करून तिच्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी येसू आली. हातावर फोड आलेले, डोळे सुजलेले. म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही सांगितलंत अगदी तसंच केलं हो. माझ्याच हाताला गुण नाही."

गिरजा म्हणाली, "असेल."

एवढं एकच म्हणाली, आणि ते तिला डसलं. येसू पाठमोरी गेली, गिरजाला तिच्या पाठीकडे बघवेना. आरशापुढे कुंकू लावायला बसावं तर मान वर होईना.

मग चूलमाईचा कोप झाला. पहिल्या शुक्रवारी भट्टीवरून आणलेला मऊ नान गिरजाच्या घरात येताच चामड्यासारखा झाला. दुसऱ्या शुक्रवारी लाकडासारखा झाला. तिसऱ्या शुक्रवारी दुधात घातला तरी भिजेना. सासू वाटी पुढ्यात घेऊन बसून राहिली.

तेवढ्यात मागल्या दारात एक म्हातारी आली. अंगाला राख, डोळ्यांत विस्तव. म्हणाली, "बाई, बाई, तुझ्या हातचा नान वाढ." गिरजानं नान दिला. म्हातारीनं परत केला. "तुझ्या हातचा वाढ." गिरजानं दुसरा दिला. तोही परत केला. "अगं, तुझ्या हातचा!" मग गिरजानं तिचे पाय धरले. म्हणाली, "आजी, काय ते ओळखलंत. मला उपाय सांगा, वसा सांगा."

म्हातारी म्हणाली, "वसा सांगेन, पण तू उतशील, मातशील."

"उतणार नाही, मातणार नाही."

"उतायचं, मातायचं करून झालंय तुझं. आता लाजायचं तेवढं राहिलंय. तर ऐक. गुरुवारी सांजेला मैदा घ्यावा, त्यात दही घालावं, मीठ घालावं, चिमूट साखर घालावी. कोमट पाण्यानं सैल मळावा, झाकून उबेला ठेवावा. शुक्रवारी फुगला की हलक्या हातानं लाटावा. एका अंगाला पाणी लावावं. पाणी, हो! तूप नव्हे. ते ओलं अंग लोखंडी तव्यावर टाकावं. वर फोड आले की तवा पालथा धरावा. पहिला नान जिच्यापाशी खोटं बोललीस तिला वाढावा, आणि ज्यांच्या भीतीनं खोटं बोललीस त्यांच्यादेखत खरं सांगावं."

"आजी, आधी तिला नान वाढते, खरं मागाहून एकटीला सांगितलं तर?"

म्हातारी म्हणाली, "मग तो पडेल." एवढं म्हणाली आणि चुलीपाशी जाऊन दिसेनाशी झाली.

गिरजानं मैदा भिजवला. शुक्रवारी परात उचलली, सासूचा हात धरला, म्हणाली, "कुठे, काय विचारू नका. चला." येसूच्या दारी आली. येसूनं पाट मांडला. गिरजानं चूल पेटवली, नान लाटला, पाणी लावलं, तव्यावर टाकला. तवा उचलला, पालथा धरला, पण खरं अजून ओठांशीच होतं. पहिल्यानं नानाची कड सुटली. मग मधला भाग सुटू लागला. गिरजानं डोळे मिटले आणि ओरडलीच, "सासूबाई, मी नान कधी केलेच नाहीत! सगळे भट्टीवरचे होते. मला येत नव्हतं, म्हणून येसूला तूप सांगितलं. तिच्या हाताचा काही दोष नव्हता. माझ्या तोंडाचा होता."

चुलीवर नान तव्याला धरून राहिला. टम्म फुगला.

सासू खाली बघत म्हणाली, "माझे दात गेलेत, जीभ नाही गेली. बाजारचा नान मला पहिल्या घासाला कळला होता. जिच्याकडे राहते तिला कसं दुखवायचं, म्हणून गप्प बसले. आणि जिच्याकडे राहत नव्हते, तिला उपाशी पाटावरून उठून दुखवलं."

येसू म्हणाली, "मलाही ठाऊक होतं, जाऊबाई. भट्टीचा वास का लपतो?"

"ठाऊक होतं? मग माझ्याकडे शिकायला का आलीस?"

"वाटलं, करत नसाल, पण येत असेल. आणि येत नसलं तरी तुम्ही मला चुकीचं कशाला सांगाल?"

गिरजानं पदर तोंडाला लावला. लाजेनं तिला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. तिच्यानं नान वाढवेना. मग येसूनंच तो तव्यावरून काढला, तीन तुकडे केले, एक सासूच्या दुधात घातला, एक आपण घेतला, एक गिरजाच्या हातावर ठेवला. म्हणाली, "खा. गरम आहे." सासूनं खाल्लं, येसूच्या घरचं पाणी मागून घेतलं, आणि त्या दिवशी दोन घरांचं येणंजाणं सुरू झालं.

बायांनो, गिरजाला लोकांनी पुढे पुष्कळ नावाजलं. कुणी म्हणालं, नान छान झालेत, की ती आधी सांगे, "येसूच्या घरी शिकले." चूलमाई तिला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. आपल्याला येत नाही हे वेळेवर ओठांबाहेर पडो, आणि आपल्या सांगण्यानं कुणाचा हात न पोळो. साठां उत्तरांची कहाणी, पांचा उत्तरी सांगितली, खऱ्या बोलानं सुफळ संपूर्ण झाली.