तीन महिन्यांचा पास

“...महिन्याचा काढू, तीन महिन्यांचा काढू, की रोजचं तिकीटच परवडेल?”

शलाकानं विचारलं आणि हातातला कागद पुढे सरकवला.

इमामचाचांनी कागदाकडे पाहिलं नाही. ते कानशीनं हाडाचा एक तुकडा घासत होते. मिरजेतलं ते दुकान अरुंद होतं. भिंतीला टेकून सात-आठ तंबोरे उभे होते आणि त्यातल्या बहुतेकांपेक्षा चाचांचं वय जास्त होतं.

“कसला पास?”

“रेल्वेचा. कोल्हापूर-मिरज. तुमच्याकडे शिकायला यायचं म्हणजे लागणारच. तुम्ही महिन्यातून किती दिवस बोलवाल, त्यावर कोणता काढायचा ते ठरेल.”

चाचा घासत राहिले.

शलाका नेर्लेकर कोल्हापुरात पंपाच्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करायची. ऑफिसात आठवड्यातून दोनच दिवस जायचं, बाकीचं काम घरून. ते दोन दिवस मात्र दर आठवड्याला बदलायचे. गाणं ती लहानपणापासून शिकली होती. सूर केसभर सरकला तरी तिला कळायचं, आणि आपल्याला कळतं हे ती चारचौघांतही कळू द्यायची.

कागद तिनं फार नीट केला होता. महिन्यात नऊ दिवसांच्या वर जाणं झालं तर महिन्याचा पास. सलग तीन महिने तसंच झालं तर तिमाही. त्याहून कमी असेल तर तिकीट.

“किती दिवस लागतील, चाचा?”

“लागतील तेवढे.”

“अंदाज तरी सांगा.”

“तुझा अंदाज काय?”

“सहा महिने. महिन्याला आठ दिवस.” ती थोडी थांबली. “माझा कान तयार आहे. आमच्या सरांच्या तंबोऱ्याची जवारी मी स्वतः काढली होती. कुणी शिकवलं नव्हतं.”

तंबोऱ्याच्या तारा हाडाच्या ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तिचा माथा घासून असा उतरता करायचा, की तार छेडल्यावर नुसती वाजता कामा नये, गुंजली पाहिजे. याला जवारी काढणं म्हणतात. घोडीवर चुकीचा एक हात फिरला की तार मुकी होते.

“मग इथं कशाला आलीस?” चाचांनी विचारलं.



“...चौथ्या दिवशी तार मुकी झाली.”

चाचांनी पहिल्यांदाच मान वर केली. बाजूची एक जुनी घोडी आणि एक कानस तिच्यापुढे ठेवली.

“घास.”

ती घासू लागली. हात सफाईचा होता. दहा हात, पंधरा हात. मधूनमधून ती बोट फिरवून उतार बघत होती. मग तिनं कानस खाली ठेवली. चेहऱ्यावर समाधान होतं.

चाचांनी घोडी उजेडात धरली.

“एक हात जास्त झाला.”

“कोणता?”

“शेवटचा.”

“...शेवटचा कोणता, हे आधी कसं कळणार?”

चाचांनी तिचा कागद उचलला, त्याची घडी केली आणि तिच्या हातात दिली.

“हेच मी तुला विचारणार होतो. महिन्यातले आठ दिवस कोणते?”

*

शलाकानं तिकीट काढायचं ठरवलं. हिशोबानं तेच बरोबर होतं.

सकाळच्या पॅसेंजरनं ती निघायची, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर करत मिरजेला उतरायची. दुपारच्या गाडीनं परत घरी येऊन संध्याकाळपर्यंत ऑफिसचं काम करायची. पहिल्या महिन्यात ती मोजून आठ दिवस आली.

चाचांनी तिला भोपळे पुसायला दिले. खुंट्या घासायला दिल्या. एकदा दिवसभर नुसती खळ शिजवायला लावली. घोडीला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या महिन्यात ती तिकिटाच्या खिडकीपाशी रेंगाळू लागली. परवा गेले, काही मिळालं नाही. काल गेले, काही मिळालं नाही. आज जाऊन तरी काय मिळणार आहे? एका मंगळवारी रांगेत तिचा नंबर आला आणि ती खिडकीपासून मागे फिरली. घरी जाऊन तिनं लॅपटॉप उघडला आणि कामाला बसली.

बुधवारी ती मिरजेला पोचली, तेव्हा दुकानाच्या उंबऱ्यावरच थबकली.

आत चाचा एक मोठा मर्दानी तंबोरा छेडत होते. महिनाभर तो कोपऱ्यात मुका उभा होता. आता त्याच्या चारही तारा एकमेकींत मिसळून बोलत होत्या. दुकानातली लाकडं, भोपळे, टांगलेल्या तारांची भेंडोळी, सगळं त्या आवाजात भिजून गेल्यासारखं वाटत होतं.

असा आवाज तिनं आयुष्यात ऐकला नव्हता.

“कधी काढलीत ही जवारी?”

“काल.”

“...मला कळवायचं होतं, चाचा.”

“मलाच कुठं माहीत होतं?”

ती खाली बसली. मग तिचा स्वर चढला.

“दोन महिने मी येतेय. खळ शिजवलीय, भोपळे पुसलेत. आणि नेमकं ज्या दिवशी...”

“ज्या दिवशी काय?”

“ज्या दिवशी मी आले नाही.”

चाचांनी तंबोरा भिंतीला टेकवला.

“स्टेशनवर खिडकीपाशी तू काय मागतेस?”

“मिरजेचं तिकीट.”

“त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी काही नाही.”

“आठव.”

शलाकानं नजर खाली वळवली.

“...आज जावं का, असं विचारते.”

“खिडकीतल्या माणसाला?”

“नाही. मलाच.”

“रोज?”

“रोज.”

“ती विचारणारी बाई आहे ना,” चाचा म्हणाले, “तिला कोल्हापुरातच ठेवून ये. दुकान लहान आहे. दोघींना बसायला जागा नाही.”

*

दुसऱ्या दिवशी तिनं तिमाही पास काढला आणि चाचांपुढे आणून ठेवला. ताठ बसली. महिन्याच्या पासावर भागलं असतं. वर्षाचाही मिळत होता. पण तीन महिन्यांत आपण हे काम शिकतो की नाही ते बघाच, असं तिच्या बसण्यात होतं.

चाचांनी पास हातात घेतला. एका बाजूनं पाहिला, दुसऱ्या बाजूनं पाहिला.

“यावर तुझं नाव आहे.”

“हो.”

“कुठून कुठं ते आहे. कधीपासून कधीपर्यंत ते आहे.”

“हो.”

“तू काय शिकलीस, ते लिहायला जागा?”

“...नाही.”

“मग बरा आहे,” चाचांनी पास परत दिला. “उद्या दुकान बंद.”

ती चिडली. गाडीत बसून हातकणंगल्यापर्यंत चिडलेलीच होती. दुसऱ्या दिवशी उठली, आवरलं, आणि दुकान बंद आहे हे माहीत असूनही मिरजेला आली. पास होताच. बंद दाराशी पायरीवर तासभर बसली. आतून काही आवाज नव्हता. समोरच्या दुकानातला माणूस भोपळ्याचं तोंड कापत होता, ते बघत बसली. मग परत गेली.

चाचांना कुणीतरी सांगितलं असावं. त्यानंतर तिची बसायची चटई त्यांनी दाराशी न टाकता स्वतःच्या उजव्या हाताला टाकली.

आता तिचं येणं वेडंवाकडं होतं. घरून काम असेल त्या दिवशी सकाळी. ऑफिस असेल त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं, अर्ध्याच तासासाठी. तिकीट काढायचं असतं तर अर्ध्या तासासाठी ती आलीच नसती. कागदावर ते कुठल्याच रांगेत बसलं नसतं.

अशाच एका संध्याकाळी ती आली, तेव्हा चाचा एक तंबोरा पुढ्यात घेऊन बसले होते. कानस हातात होती. त्यांनी तार छेडली. ऐकलं. परत छेडली. कानस घोडीपर्यंत नेली... आणि तिथंच थांबले.

मग कानस खाली ठेवून दिली.

“काय झालं?” शलाकानं विचारलं.

“काही नाही.”

“घासायचं राहिलंय ना?”

“राहिलं असतं तर घासलं असतं.”

त्यांनी तंबोऱ्यावर खोळ चढवली आणि चहा सांगितला. परतीची गाडी गाठायला ती धावत सुटली. गाडी पुलावर आली, खाली कृष्णेचं पाणी काळसर झालं होतं. तिच्या मनात एकच चित्र होतं. हात घोडीपर्यंत गेलेला, आणि थांबलेला.

त्या दिवशी तिनं आणखी एक गोष्ट पाहिली होती. थांबण्याआधी चाचांचा हात थरथरत होता.

*

पहिला पास संपला. खिडकीपाशी ती म्हणाली, “तोच द्या,” आणि रांगेतून बाहेर आली. या वेळी कागद केला नव्हता.

थंडीत चाचांचा हात फारच थरथरू लागला. कप धरला की चहा बशीत यायचा. गिऱ्हाइकांपुढे ते हात मांडीखाली दाबून बसायचे. कानस आता शलाकाच्या हातात असायची. चाचा डोळे मिटून बसायचे आणि फक्त दोन शब्द बोलायचे. “आहे.” “नाही.” बहुतेक वेळा “नाही.”

दोन घोड्या तिच्या हातून वाया गेल्या. चाचा रागावले नाहीत. नव्या घोड्या काढून दिल्या.

बेळगावच्या इंदुअक्कांचा तंबोरा त्याच दिवसांत आला. अक्का सत्तरीच्या. चाळीस वर्षं त्यांच्या तंबोऱ्याला चाचांशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. शनिवारी त्यांचं गाणं होतं. तंबोरा ठेवून जाताना त्या म्हणाल्या होत्या, “इमामसाहेब, आता मोठी बैठक हीच. नंतर घरीच गाईन. तेवढी गुंज द्या.”

चाचांनी मान डोलावली. हात मांडीखालीच होते.

अक्का गेल्यावर त्यांनी तंबोरा शलाकापुढे सरकवला.

“हा नको, चाचा.”

“का?”

“हा अक्कांचा आहे. माझ्या हातून बिघडला तर...”

“तर?”

“तर दुसरा शनिवार येणार नाही.”

“कुठलाच येत नाही,” चाचा म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

तीन दिवस ती त्या घोडीवर बसली. बुधवारी ऑफिस होतं, संध्याकाळी आली. गुरुवारी सकाळी आली. शुक्रवारी रजा टाकली. तारा बाजूला सारायच्या, दोन हात फिरवायचे, तारा परत चढवायच्या, ऐकायचं. चाचा “नाही” म्हणायचे. ती परत तारा सारायची.

शुक्रवारी दुपारी तिनं तार छेडली. गुंज होती. पण शेवटाला कुठंतरी किंचित कोरडी वाटली. आणखी एक हात, तिला वाटलं. फक्त एक.

तिनं चाचांकडे पाहिलं. “आहे” की “नाही”, ते ऐकायला थांबली.

चाचा काहीच बोलले नाहीत.

तिनं कानस घोडीपर्यंत नेली... आणि थांबली.

परत तार छेडली. खूप वेळ ऐकत राहिली. कोरडेपणा तारेत नव्हता. तो तिच्या घाईत होता. शांत बसल्यावर तार शेवटपर्यंत नीट जात होती.

कानस तिनं खाली ठेवली. मग घोडीवर तारेखाली गुंज खुलवणारा सुताचा धागा सरकवून तो जागी बसवला आणि ती भिंतीला टेकली. छातीत काहीतरी भरून आलं होतं. आपला कान पक्का आहे असं लोकांना सांगताना जो अभिमान वाटायचा, त्यातला हा नव्हता. हा कुणाला सांगावासा वाटत नव्हता.

निदान तिला तसं वाटलं.

*

शनिवारी सकाळी अक्का आल्या. खुर्चीवर बसल्या, तंबोरा उभा धरला, आणि डोळे मिटून चार तारा छेडल्या.

दुकान भरून गेलं.

अक्का छेडत राहिल्या. मध्येच त्यांनी षड्ज लावला, अगदी हलका, आणि तो त्या गुंजेत कुठं मिसळला ते कळलंच नाही. थांबल्या तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

“इमामसाहेब,” त्या म्हणाल्या, “लोक सांगत होते तुमचा हात आता थकला म्हणून. उगीच बोलतात. तोच हात आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा.”

शलाका खाली चटईवर बसली होती. तिचे कान तापले. सांगावंसं वाटत नाही असं काल वाटलं होतं, पण आता तिला फार फार वाटत होतं की चाचांनी सांगावं. एवढंच एक नाव. एकदाच.

तिनं चाचांकडे पाहिलं.

चाचांनी मांडीखालचे दोन्ही हात बाहेर काढले. अक्कांसमोर धरले. ते थरथरत होते, लपवता येणार नाही असे.

अक्का बघत राहिल्या. आधी त्या हातांकडे. मग तंबोऱ्याकडे.

“...मग हे?”

चाचांनी मान ताठ केली. इतकी ताठ मान शलाकानं त्यांची कधी पाहिली नव्हती.

“हात माझाच आहे, अक्का,” ते म्हणाले. “हल्ली कोल्हापूरहून येतो.”